एकेचाळीस

सकाळच्या मोजणीत मोजणीबाईच्या तोंडून “एकेचाळीस” गेलं आणि टेबलाशी बसलेल्या कारकुनाने ते शाईने रजिस्टरात लिहूनही टाकलं. मग त्याचं बोट वरच्या ओळीवर गेलं. तिथे काल संध्याकाळचे चाळीस होते. मधल्या वेळात बराकीत कुणी नवी आली नव्हती, कुणी सुटली नव्हती. बावीस वर्षांत या बाईचा आकडा पडताळायची वेळ आली नव्हती, म्हणून त्याने आधी स्वतःचा चष्मा काढून पुसला. “एकेचाळीस?” त्याने विचारलं. “एकेचाळीस,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता, जिना संपला समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं तिला झालं. समोर ओट्यावर बायका ओळीने बसल्या होत्या. भिंतीपलीकडे बस थांबल्याचा आणि सुटल्याचा आवाज आला, कुठल्याशा शाळेची घंटा झाली. रोजची सकाळ होती. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

मोजणीबाई हे नाव बायकांनीच पाडलेलं. ही घरी चहात साखरसुद्धा दाणे मोजून घालत असणार, असं त्या म्हणायच्या, आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. तिला राग येत नसे, कारण नाव खोटं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी वरिष्ठ बाईने तिला एकच गोष्ट शिकवली होती. जे हलतं ते मोजायचं. झोपलेली दिसली तर हलवून बघ, पांघरुणाखाली उश्या रचून पळालेल्या मी पाहिल्यात. हललं तर एक, नाही हललं तर पांघरूण ओढ. तेव्हापासून ती हलणारं सगळं मोजत आली होती. बसस्टॉपवरची माणसं, तारेवरची पाखरं, दवाखान्यात आपल्या आधी बसलेले रोगी. लेक लहान असताना बागेत खेळायला सोडली की पोरंही मोजायची, आपली एक धरून. मोजून झालं की तिला बरं वाटे. सगळं जागच्या जागी आहे, आता आपण श्वास घ्यायला हरकत नाही, असं काहीतरी वाटे. आज मोजून झालं होतं आणि बरं वाटत नव्हतं.

भोंगा वाजला. आकडा एकाने कमी भरला तर जेलला कळतं काय झालं ते, कुणीतरी पळालं. एकाने जास्त भरला तर जेलचं डोकंच चालेनासं होतं. जास्तीचं माणूस आलं कुठून? आपल्या बराकीत एक जास्त म्हणजे दुसरीकडे कुठेतरी एक कमी असणार, आणि तिकडच्या पहारेकऱ्याने ते लपवलं असणार. त्यामुळे नियम असा की सगळी दारं बंद, जो जिथे आहे तो तिथेच, आणि पहिल्या बराकीपासून शेवटच्या बराकीपर्यंत दुसऱ्या माणसांनी दोनदा मोजायचं. मोजणाऱ्या बाईने आपल्या मनाने पुन्हा मोजायचं नाही. तिचा आकडा एकदा शाईने उतरला की तो तिचा राहत नाही. दोन तास कुठे जात नाहीत याच्यात. एरवी हरकत नव्हती, बायकांना तेवढाच ओट्यावर बसून गप्पा मारायला वेळ मिळाला असता. पण आज शिंपिणीला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या, आणि तिच्यासाठी बोलावलेल्या सुईणबाई सातलाच येऊन पोचल्या होत्या. कोपऱ्यातला फोन वाजला. गेटवरचा पहारेकरी म्हणाला, “बाई, तुमच्या सुईणबाई दोन दारांच्या मधल्या बोळात अडकल्यात. पुढचं उघडता येत नाही, मागचं पण येत नाही. स्टूल दिलंय बसायला.”

शिंपीण ओळीच्या टोकाला एका उलट्या खोक्यावर बसली होती. दिवस भरल्यापासून तिला खाली मांडी घालता येत नव्हती. जेलच्या शिवणखात्यात काम करायची, कापड नजरेने मापायची आणि अर्ध्या इंचाला चुकायची नाही. एरवी तिच्या जिभेला हाड नव्हतं. आज दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवून ती गेटकडच्या वाटेवर नजर लावून गप्प बसली होती. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं घरात झालं होतं, एकटीचं, दाराला बाहेरून कडी असताना. ते मूल राहिलं नाही. तिच्या फायलीत हे दोन ओळींत लिहिलेलं होतं आणि मोजणीबाईने ते वाचलं होतं. सुईणबाईंनी फाईल कधी मागितली नाही. शिंपिणीने त्यांना ते आपणहून सांगितलं, सातव्या महिन्यात, बोलता बोलता, बटण लावावं तसं पटकन. आणि वर म्हणाली होती, “मावशी, या वेळेला दार बंद असलं तरी चालेल. पण तुम्ही माझ्या बाजूला पाहिजे.” सुईणबाई म्हणाल्या होत्या, “असेन.” आता त्या बोळात स्टुलावर होत्या.

मोजणीबाईला त्यांचा पहिला दिवस आठवला. पाच वर्षं झाली असतील. साठीकडे झुकलेली ठेंगणी बाई, पायात कापडी बूट, चाल अशी की हिला कुठे पोचायचंच नाही. झडतीच्या खोलीत त्यांची पिशवी उघडली तेव्हा मोजणीबाई चेकाळलीच होती म्हणायची. तेलाची बाटली, नाही चालणार. काच आहे. गरम पाण्याची रबरी पिशवी, नाही. घड्याळ, नाही. मऊ कापड दोन मीटर, अजिबात नाही, त्याने गळफास होतो. एकेक वस्तू टेबलावर रचत गेली आणि शेवटी जरा खोचकपणे म्हणाली, “मग आता आत काय नेणार?” सुईणबाईंनी दोन्ही तळवे पुढे केले. “हे. ठेवून घेणार असाल तर पावती द्या.” तिला हसू आलं होतं आणि ड्यूटीवर हसायचं नसतं म्हणून तिने ते खोकून काढलं. मग त्या आत गेल्या आणि पहिल्या बाईसमोर बसल्या. तिने काय केलं म्हणून ती इथे आली, ते विचारलं नाही. विचारलं, “आज काय खाल्लंस?” मग हात तिच्या पोटापासून वीतभर लांब थांबवला आणि म्हणाल्या, “ठेवू का?”

हे “ठेवू का” मोजणीबाईच्या डोक्यात कितीतरी दिवस राहिलं होतं. त्या बाईला आत आल्यापासून कुणी काही विचारलं नव्हतं. ऊठ म्हटलं की उठायचं, हात वर म्हटलं की वर. ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “नको.” खरं तर तिला नको नव्हतं. तोंडात नको हा शब्द कसा लागतो एवढंच बघायचं होतं, ते उभ्या जगाला दिसत होतं. सुईणबाईंनी हात मागे घेतला आणि अर्धा तास तिच्या शेजारी नुसत्या बसून राहिल्या. अर्ध्या तासाने ती म्हणाली, “ठेवा.” पुढच्या आठवड्यात झडती घेताना मोजणीबाईच्या तोंडून निघून गेलं, “आता खिसा बघते हं.” ती कैदीण दचकली, आणि मोजणीबाई तिच्याहून जास्त दचकली. कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून ती सांगूनच हात लावत आली. माणूस किती सहज दुसऱ्याचं काहीतरी उचलतो, आणि त्याची नोंद कुठल्याच गेटवर होत नाही.

आणि ती साखळी. तेव्हा नियम होता, बाळंतपणाला इस्पितळात नेलं तरी एक हात पलंगाला साखळीने बांधलेला असायचा. मोजणीबाईने स्वतःच्या हाताने एकदा ती घातली होती. हिवाळ्यातला दिवस होता, गाडीत ठेवलेलं लोखंड बर्फासारखं गार. सुईणबाई भांडतील, ओरडतील असं तिला वाटलं होतं, आणि तिने उत्तरंही तयार ठेवली होती: मला काय करता, नियम माझे नाहीत. सुईणबाई म्हणाल्या, “जरा द्या इकडे.” कडी त्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांत धरली, मग काखेत दाबली, आणि चांगली ऊबदार झाल्यावर परत दिली. “आता घाला.” तयार ठेवलेलं एकही उत्तर उपयोगाला आलं नाही. ती कडी बंद करताना जो आवाज झाला, तो तिला आजही घरचं कपाट लावताना मध्येच ऐकू येतो. नंतर त्या बाईंनी अर्ज लिहायला सुरुवात केली. दर सोमवारी एक. कुणी उत्तर देईना, तरी पुढच्या सोमवारी दुसरा, त्याच वळणदार अक्षरात, आधीच्या अर्जाचा क्रमांक घालून. तीन वर्षांनी नियम बदलला. ज्या दिवशी हुकूम आला त्या दिवशी मोजणीबाईने त्यांना चहा आणून दिला. तर म्हणाल्या, “अहो, सोमवारी आता मी करू काय?”

“मॅडम,” शिंपिणीच्या शेजारची बाई म्हणाली, “हिला परत आली.” शिंपिणीने डोळे मिटले होते. ओठ पांढरे पडले होते. मोजणीबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मघाशी कळा दहा-दहा मिनिटांनी होत्या, आता सहावर आल्या होत्या. दुसरटकरणीचं काही सांगता येत नाही, एकदा लागलं की धावत सुटतं. जेलची नर्स नऊला येणार, तीही बाहेरच अडकणार. इस्पितळाची गाडी कधी मागवायची ते सुईणबाई सांगायच्या, आणि दारं उघडल्याशिवाय गाडी तरी कशी निघणार? तिने दोन पावलं पुढे टाकली आणि थांबली. जवळ जाऊन करायचं काय, हे तिला माहीत नव्हतं.

ते तिला कधीच माहीत नव्हतं. तिची स्वतःची वेळ आली तेव्हा नवरा कामावर परगावी होता आणि आई सोबत होती. मोठा हॉल, पंधरा खाटा, तिने त्या कळांमध्येही मोजल्या होत्या. आई उशाशी उभी होती. आईने हात धरला नाही, केस मागे केले नाहीत, तेरा तास फक्त म्हणत राहिली, “ओरडू नकोस. लोक ऐकतात.” ती ओरडली नाही. उशीचा कोपरा दातांत धरला, तो फाटला, तोंडात कापूस आला. आई वाईट नव्हती. तिला बिचारीलाही कुणी दुसरं काही सांगितलं नसणार. पण त्यानंतर आयुष्यात कधी मोठ्याने रडावंसं वाटलं की मोजणीबाईच्या तोंडात कापसाची चव येत असे. आणि आता लेकीला सातवा महिना होता, ती दुसऱ्या शहरात, आणि गेल्या रविवारी फोनवर म्हणाली होती, “आई, तू येशील ना गं? आत थांबशील ना माझ्याजवळ?” मोजणीबाई म्हणाली होती, “रजेचं बघते.” रजा पडून कुजत होत्या. लेकीला ते ठाऊक होतं. ती म्हणाली, “बरं. बघ.” तिला कसं सांगायचं, की मी उशाशी उभी राहीन आणि माझ्या तोंडून माझ्या आईचंच वाक्य निघेल, याची मला भीती वाटते?

“मावशी कुठंय?” शिंपीण डोळे न उघडता म्हणाली.

“गेटवर. येतात.”

“पाढा,” शिंपीण म्हणाली.

घड्याळ न्यायची बंदी झाली तेव्हापासून सुईणबाई कळ पाढ्याने मोजायच्या. एकोणतीसचा पाढा सावकाश म्हटला की मिनिट होतं. मोजणीबाईने एकदा विचारलं होतं, एकोणतीसच का, दहाचा का नाही, तो तर झोपेतही येतो. “म्हणूनच,” सुईणबाई म्हणाल्या, “सोपा पाढा तोंड म्हणतं आणि मन मोकळं राहतं, आणि मोकळं मन दुखण्याकडे पळतं. एकोणतीसला मान खाली घालून चालावं लागतं.” शिवाय म्हणायचा दोघींनी मिळून. त्या अर्धं म्हणायच्या आणि आकडा बाईने सांगायचा. बराकीत आता कितीतरी जणींना तो पाठ होता. दोन बाळंतिणी तर मुलांना झोपवतानाही तोच म्हणायच्या. त्या मुलांना पुढे गणितात कसली अडचण येणार नाही, असं सगळ्या हसून म्हणायच्या.

मोजणीबाई शिंपिणीसमोर गेली. वाकली, मग वाकून बोलणं बरं दिसेना म्हणून सरळ जमिनीवर बसली, गणवेशासकट. मागे कुणीतरी तोंडावर हात घेतल्याचं तिला कळलं. “हात धरू का?” तिने विचारलं. शिंपिणीने हातच पुढे केला. “एकोणतीस एके,” मोजणीबाई म्हणाली. “एकोणतीस.” “एकोणतीस दुणे.” “अठ्ठावन्न.” त्रिक सत्त्याऐंशी, चोक एकशे सोळा. शिंपिणीची बोटं तिच्या पंजात रुतत होती. सुई टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं. पाचे एकशे पंचेचाळीस. सक एकशे चौऱ्याहत्तर. “एकोणतीस साते,” मोजणीबाई म्हणाली, आणि शिंपिणीच्या तोंडून आकडा येईना, कळ शिगेला पोचली होती. मग तो आपणच सांगावा म्हणून मोजणीबाईने तोंड उघडलं तर तिलाही येईना. रोज शेकडो माणसं मोजणारी बाई, आणि साताला अडकली. “एकोणतीस साते... एकोणतीस साते...” “दोनशे तीन!” शिंपीण दातांतून ओरडली. “दोनशे तीन, बाई! सोडा तुम्ही!” आणि सगळा ओटा हसला, शिंपीणसुद्धा हसली, कळेच्या ऐन माथ्यावर. हसण्याबरोबर तिचं पोट हललं. आणि हसणं थांबल्यावरही झग्याच्या कापडाखाली उजव्या बाजूला एक टेंगूळ उठलं, सरकलं, गेलं. टाच असावी.

मोजणीबाई त्या जागेकडे पाहत राहिली. सकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी, तिने ओळ संपवत शिंपिणीच्या खांद्याला बोट लावलं होतं आणि म्हटलं होतं, चाळीस. मग हे असंच हललं होतं. जे हलतं ते मोजायचं.

एकेचाळीसावी बाई कुठल्या बराकीतून आली नव्हती. सगळं जेल आता भोंगा वाजवून, कुत्री सोडून, छपरं तपासून जिला शोधत होतं, ती इथे होती, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. मोजणीबाईला आधी हसूच आलं. मग घाम आला. कारण गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं. दोन तासांनी मोजणी जुळली असती, कुणीतरी म्हटलं असतं गफलत झाली, कारकुनाने चुकीचं ऐकलं, आणि सोडून दिलं असतं. पुढच्या महिन्यात तिची बढती होती. बावीस वर्षांत एक चूक नाही, असं त्या शिफारशीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. आणि दुसरी एक वाट होती, नियमातली, जी कुणी कधी वापरत नसे: मोजणाऱ्या बाईने स्वतः लेखी चूक कबूल केली तर फक्त तिचीच बराक पुन्हा मोजायची आणि दारं उघडायची. दहा मिनिटांचं काम. कुणी वापरत नसे, कारण तो कागद नोकरीच्या फायलीत कायमचा बसतो. तिने घड्याळ पाहिलं. पावणेआठ. शिंपीण डोळे मिटून मोठे श्वास घेत होती आणि तिचा हात अजून सुटला नव्हता. बोळात, स्टुलावर, एक बाई आपले तळवे मांडीवर ठेवून बसली असेल, मोजणीबाईला ते अगदी स्पष्ट दिसलं. तिने साखळी घातली होती तेव्हा मनाशी म्हटलं होतं, नियम माझे नाहीत. चूक मात्र पूर्ण तिची होती. या इमारतीत इतक्या वर्षांत स्वतःचं म्हणावं असं एवढंच काहीतरी तिच्या हाती लागलं होतं.

ती उठली, कोपऱ्यात गेली आणि फोन उचलला. “मोठ्या मॅडमना द्या.”

“बोला, सापडली का?” मोठ्या मॅडमचा आवाज चढलेला होता.

“सापडली, मॅडम. माझी चूक आहे. मी पोटातलं बाळ मोजलं.”

“काय मोजलं?”

“शिंपिणीच्या पोटातलं बाळ. हललं, मॅडम. मी लेखी देते. आत्ता देते. तेवढं गेट उघडा, तिच्या कळा सहा मिनिटांवर आल्यात आणि सुईणबाई बोळात आहेत.”

“तुम्ही? तुम्ही असं केलंत?” मोठ्या मॅडमना राग आणायचा होता पण तो वेळेवर येईना. “मला वर काय सांगायचं? हसतील लोक.”

“हसू दे. पण उघडा.”

“उघडते. पण कागद आज संध्याकाळच्या आत माझ्या टेबलावर पाहिजे.”

दुसऱ्या बराकीची बाई येऊन मोजून गेली. चाळीस. शेवटी शिंपिणीपाशी आल्यावर तिने पोटाकडे एक नजर टाकली आणि ओठ घट्ट मिटून घेतले, चुकून काही बाहेर पडू नये म्हणून. आठला पाच कमी असताना गेट उघडलं आणि सुईणबाई आल्या, त्याच चालीने, कापडी बूट फरशीवर आवाज न करता. मोजणीबाई तेव्हा परत जमिनीवर बसली होती, कळ चालू होती, पाढा सकवर होता. ती घाईने उठायला लागली. “राहू दे,” सुईणबाई म्हणाल्या, “तुमचं चाललंय ते चालू द्या.” त्या शिंपिणीच्या मागे बसल्या, तळवे एकमेकांवर चोळले, “कमरेवर ठेवू?” विचारलं आणि ठेवले. शिंपिणीच्या तोंडून एक लांब, खोल आवाज निघाला. ओट्याच्या टोकापर्यंत, भिंतीपर्यंत गेला. “वा,” सुईणबाई म्हणाल्या, “असाच. अजून येऊ दे.” मोजणीबाईच्या अंगावर काटा आला. ओरडणं चांगलं असतं, ते कुणी कौतुकाने ऐकूही शकतं, हे तिने सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं होतं.

मुलगी झाली, इस्पितळात, दुपारी दोनला वीस मिनिटं कमी असताना. नर्स धावली, डॉक्टरीण आली आणि गेली. सुईणबाई त्या सगळ्या वेळात जागच्या हलल्या म्हणून नाहीत, आणि तरीही खोलीत जे जे चांगलं झालं ते त्यांच्यापासून निघाल्यासारखं होतं. शिंपिणीने मुलीला छातीशी घेतलं, बोटाने तिचा पंजा मापला आणि म्हणाली, “पावणेदोन इंच.” मग इतकी रडली की नर्स दार लावायला निघाली. “दार असू दे,” सुईणबाई म्हणाल्या.

मोजणीबाई बाहेर बाकावर बसली, कारण तिथे बसायची तिची ड्यूटी होती, आणि मांडीवर कागद घेऊन कबुलीजबाब लिहायला लागली. मोठ्या मॅडमनी फोनवर मजकूर सांगितला होता, ‘नजरचुकीने’ एवढंच लिहा म्हणून. तिने लिहिलं: सदर बंदिनीच्या पोटातील बाळ हलल्यामुळे ते मोजण्यात आले. खाली सही केली. बढती आता गेली, ते तिने सहीच्या शेपटीबरोबर मान्य करून टाकलं. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, डोळ्यांत पाणीही आलं.

सुईणबाई बाहेर येऊन शेजारी बसल्या. त्यांच्याही हातात एक कागद होता. प्रत्येक बाळाचा एक कागद त्या लिहायच्या: किती वाजता, वजन किती, बाहेर ऊन होतं का पाऊस, खोलीत कोण कोण होतं. आईला त्या दिवसातलं दुखणंच तेवढं आठवतं, आणि पुढे मायलेकरांची ताटातूट झाली तर विचारायचं कुणाला, म्हणून. इस्पितळाच्या कागदांबरोबर तो बाहेर जात असे, त्याला कुठल्या गेटवर अडवत नसत. “पहिली ओळ तुमच्याकडून आहे,” त्या म्हणाल्या, “बरोबर आहे का बघा. गेटवाल्याने सांगितलं मला सगळं.” आणि कागद पुढे केला. त्याच वळणदार अक्षरात, सोमवारच्या अर्जांसारखंच, लिहिलं होतं: सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुला माणसांत मोजलं. तेव्हा तुझ्या जन्माला साडेसहा तास बाकी होते.

मोजणीबाईच्या मांडीवर दोन कागद झाले. एकच गोष्ट दोन्हींवर होती. तिने काही म्हणायला तोंड उघडलं, आणि कापसाची चव येईल म्हणून थांबली. चव आली नाही. ती रडली, बाकावर, गणवेशात, चांगली मोठ्याने. जाणारे-येणारे थांबून पाहून गेले. सुईणबाई म्हणाल्या, “पाठीवर हात ठेवू का?” तिने मान हलवली.

संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर तिने बसस्टॉपवरूनच लेकीला फोन लावला. स्टॉपवर किती माणसं आहेत ते मोजायचं राहूनच गेलं होतं.

“रजा मिळाली?” लेकीने विचारलं.

“मागितलीच नव्हती गं. आज अर्ज दिला. दोन आठवडे आधीच येते.”

“आणि आत थांबशील?”

“थांबेन.”

“आई, मी ओरडेन हं. मला माहितेय तुला ते आवडत नाही, पण मी आत्ताच सांगून ठेवते, मी खूप ओरडणार आहे.”

“ओरड,” मोजणीबाई म्हणाली. “सगळ्यांना ऐकू जाऊ दे. तुला एकोणतीसचा पाढा येतो का?”

“काय?”

“सकपर्यंत मी म्हणेन. साताला मी अडकते. तिथे तू सांगायचं.”

बस आली, माणसं चढली, बस गेली. मोजणीबाई फोन कानाला लावून उभी राहिली.

“दोनशे तीन,” लेक म्हणाली.